लोहद्वारची पहारेकरीण

६ जानेवारी

बारक्या,

पुस्तकांचं खोकं मिळालं. पोस्टमनने ते तीन जिने चढवून आणलं आणि धापा टाकत विचारलं, "यात विटा आहेत का?" मी म्हटलं, राजे आहेत. तो सही घेऊन गेला.

तुला मत हवं होतं, तर घे. 'नऊ चंद्रांचा शाप' मी तिसऱ्या भागात मिटलं. सुरुवातीला मजा आली, पण पुढे लेखकाला स्वतःचेच चंद्र सांभाळता आले नाहीत. आकाशात नऊ चंद्र आणि बंदरातलं पाणी मात्र बादलीतल्यासारखं गप्प. आणि तो नकाशा! एक नदी डोंगरातून निघते, मधेच दोन फाटे फोडते आणि दोन दिशांच्या दोन समुद्रांना मिळते. अकरा वर्षं मी सरकारी नकाशे काढले, मला अशी नदी एकदाही भेटली नाही. तुम्ही प्रकाशनातली माणसं नुसत्या वेलांट्या तपासता का रे?

'वाळूचे वारसदार'चा निकाल आईनेच लावला. मी तिला रोज दुपारी वाचून दाखवते. भर वाळवंटात पायघोळ मखमली अंगरखे घालून लोक घोडी पिटाळतात. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई हे कसं खपवून घेईल? तिचं बोलणं अजून अडखळतं, पण "घाम येत नाही का मेल्यांना" एवढं अगदी स्वच्छ उमटलं.

'धातूची लेकरं' मात्र आम्हा दोघींना आवडलं. त्या यानात जन्मलेल्या मुलीला 'बाहेर' म्हणजे काय ते समजावून सांगता सांगता म्हाताऱ्या यंत्राची तारांबळ उडते, ते पान मी आईला दोनदा वाचून दाखवलं. मग स्वतःशी एकदा वाचलं.

आता कामाचं. माझ्या ऑफिसचं पत्र आलंय. रजा ३१ मेपर्यंत. १ जूनला मी माझ्या टेबलापाशी नसले तर जागा दुसऱ्याला देणार. साहेबांनी खाली हाताने लिहिलंय, 'यापुढे माझ्या हातात काही नाही.' बिचाऱ्यांनी तीनदा वाढवून दिली. आईचं एक अंग लुळं पडलं तेव्हा मी पंधरा दिवसांसाठी म्हणून आले होते, त्याला आता दोन वर्षं चार महिने झाले. तिला सांभाळायला बायका ठेवून बघितल्या, त्यांना आईने चार-चार दिवसांत पळवून लावलं. आणि तिला तीन जिने उतरवून माझ्या गावी नेणं शक्य नाही, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलंय.

तेव्हा मेच्या शेवटच्या आठवड्यात तू ये आणि पुढचं वर्ष तू बघ. तुझं काम कागदाचं आहे, कुठेही बसून होतं. माझं टेबल सहा तासांवर आहे आणि ते उचलून इथे आणता येत नाही.

हे फोनवर बोलले असते तर आपण भांडलो असतो. पत्रात भांडायचं तर आधी पेन शोधावं लागतं.

ताई


१७ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मी आमच्या इथल्या दोघांना वाचून दाखवलं. दोघेही म्हणाले, या बाईंना संपादक म्हणून बोलवा. नदीच्या बाबतीत मी तुझा अपराधी आहे. वेलांट्या बघण्यात जन्म चाललाय, नदीकडे बघायचं राहून गेलं.

मेचं बघतो. बघतो म्हणजे येतोच. फक्त 'लोहद्वार' मालिकेचा सातवा भाग, शेवटचा, एप्रिलअखेर छापायला जायचाय. तो हातावेगळा झाला की मी मोकळा. मालकांनी तो पूर्ण माझ्या गळ्यात टाकलाय, इतका की रात्रंदिवस डोक्यात किल्लाच. पण तो शेवटचा आहे हे महत्त्वाचं.

सोबत 'लोहद्वार'चे सहाही भाग पाठवतोय. तू अशा मालिका जिना उतरावा तशा उतरतेस, म्हणून सांगतो: पहिले तीन कसेही वाच, चौथ्यापासून सावकाश वाच. विशेषतः पहारेकरीण कशी वाटते ते कळव. का ते विचारू नकोस. जाणकार वाचकाचं मत हवंय एवढंच.

आईला नमस्कार. तिला सांग, या किल्ल्यात थंडी आहे, मखमल चालेल.

तुझा
बारक्या


१० फेब्रुवारी

बारक्या,

सहाही भाग संपवले. दुसरं करण्यासारखं काय आहे इथे?

पहिले तीन भाग म्हणजे नुसती धूळधाण. भाषा अशी की दर पानावर ठेच लागते, पण माणसं धावतात, पडतात, पुन्हा धावतात. चौथ्या भागापासून लिहिणारा बदललाय. कव्हरवर नाव तेच आहे, पण मला फसवू नका. आधीच्या गृहस्थांना लिहिता येत नव्हतं पण चालता येत होतं. या नव्याला लिहिता येतं, चालता येत नाही. चार, पाच, सहा असे तीन भाग झाले, सगळं किल्ल्यातच. पाऊल बाहेर नाही.

आता तुझी पहारेकरीण. लोखंडी दाराला तिने तळहात टेकवलेला असेल तोवरच ते दार बंद राहतं. हात काढला की दार उघडणार, हिमवारा आत शिरणार आणि आतल्या दालनात निजलेली राजमाता मरणार. रक्ताचंच माणूस लागतं, म्हणून मुलगी उभी. कल्पना चांगली आहे. पण तीन भाग ही बाई उभी आहे आणि तिला एकदाही बाथरूमला जावं लागत नाही! तिची पाठ दुखत नाही. ती राजमातेवर एकदाही खेकसत नाही आणि खेकसल्यावर तोंड लपवून रडत नाही. तिच्या चेहऱ्यावर म्हणे 'त्यागाचं शांत तेज' होतं. हे लिहिणाऱ्याने कधी कोणाला उचलून बसवलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. सकाळी आईला कॉटवरून खुर्चीत घेतल्यावर माझं तोंड आरशात दिसतं. तेज नसतं, घाम असतो.

एक गोष्ट मात्र झकास जमलीय. तिचा भाऊ, तो राजपुत्र. दाराची दुसरी किल्ली शोधायला तो सात राज्यं पालथी घालतोय आणि प्रत्येक भागाच्या शेवटी ससाण्याच्या पायाला चिठ्ठी बांधून कळवतो, 'येतो'. मला इतकं हसू आलं! म्हटलं, हा तर आमचा बारक्या.

आईने विचारलं, "राजमाता काय करते दिवसभर?" मी म्हटलं, निजलेली असते. "तिला कोणी विचारलं का, दार बंद हवं की उघडं?" मी चाळून बघितलं. कोणी विचारलेलं नाही.

तू विचारत नाहीस तरी सांगते. इथे दिवस कसा जातो ते स्वयंपाकघराच्या खिडकीवरून कळतं. समोरच्या मनोऱ्यावरचं घड्याळ पाण्याच्या टाकीआड गेलंय, अर्धीच तबकडी दिसते. तासकाटा बारापासून सहापर्यंत दिसतो, मग जातो. बाकीचा वेळ आमच्याकडे वाजतच नाही. भाजी आणायला वीस मिनिटं मिळतात, तेवढा वेळ खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई येऊन बसतात. परवा मी भाजीवाल्यासमोर उभी राहिले आणि मला काही घ्यावंसंच वाटेना, नुसतं उभं राहावंसं वाटलं. तो म्हणाला, "बाई, घ्या नाहीतर सरका."

मेच्या तारखेचं नक्की लिही. 'बघतो' नको.

ताई


२१ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं मत पोचवलं. ज्याला पोचवलं त्याने दोन दिवस एक ओळ लिहिली नाही.

त्याच्या वतीने थोडं बोलू का? मला वाटतं, तू फार कठोर झालीस. पहारेकरीण ही मालिकेतली सर्वांत लाडकी व्यक्तिरेखा आहे. वाचकांची पत्रं येतात तिच्यासाठी. एकीने लिहिलं, मला तिच्यासारखं व्हायचंय. लेखकाने तिला थोर केलं तर त्यात काय चुकलं? जो माणूस स्वतः तिथे उभा राहू शकत नाही त्याने निदान उभं राहणाऱ्याची आरती तरी करू नये का? आणि राजपुत्र फसवा नाही गं. तो खरंच शोधतोय. दर वेळी त्याला वाटतं, हे एक राज्य संपलं की परत फिरू. तू हसलीस ते मला लागलं. म्हणजे त्याला लागलं असेल.

बाथरूमचं म्हणशील तर कुठल्याच मालिकेत कोणीच जात नाही. राक्षसही जात नाहीत.

मेचं नक्कीच. भाग छापायला गेला की मी मोकळा, असं लिहिलंच आहे.

तुझा
बारक्या


१९ मार्च

बारक्या,

तीन आठवडे पत्र नाही, कारण आई पडली. बाथरूमच्या पायरीवर. मी धरलं होतं तरी अडखळली, आम्ही दोघीही खाली. तिचं मनगट मोडलं, चांगल्या हाताचं. आता तिचे दोन्ही हात गेले म्हणायचे, प्लास्टर निघेपर्यंत. मला मुका मार. तुला कळवलं नाही, कारण कळवून तू काय करणार होतास? ससाणा पाठवला असतास.

आता पुढचं ऐक. तिला औषधाने दुपारभर झोप येते. मला ना झोप, ना बाहेर जाता येत. म्हणून जुनी ड्रॉइंगची फळी काढली. म्हटलं, हात विसरला तर नाही ना बघू. 'लोहद्वार'मध्ये राज्यांचा नकाशा आहे, पण किल्ल्याच्या आतला आराखडा नाही. चौथ्या आणि पाचव्या भागात मापं मात्र सगळी आहेत, पावलांत. मी ती एकेक उतरवून घेतली आणि काढायला बसले.

दारातून आत आलं की डावीकडे शस्त्रागार. पुढे सात पावलांची बोळ. उजवीकडे राजमातेचं दालन, त्याला दोन दारं, त्यातलं एक कायम बंद, कारण त्याला फडताळ टेकलेलं. समोर पहारेकरणीची कोठडी: हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात, झरोका डोक्याच्या वर. बोळीच्या टोकाला जलकुंड, आणि तिथे 'एक पायरी बाकीच्यांहून वीतभर उंच, जिथे प्रत्येक नवखा ठेचकाळतो'.

पायरी काढली आणि पेन्सिल खाली ठेवली.

ती पायरी बाबांनी नळ दुरुस्त करताना वाढवली होती. पाइप वरून नेला, वर सिमेंट ओतलं आणि मोजायला विसरले. दुनियेत दुसऱ्या कुठल्या किल्ल्यात असली पायरी असेल असं मला वाटत नाही. शस्त्रागार म्हणजे आपलं स्वयंपाकघर. कोठडी म्हणजे अडगळीची खोली, जिथे कॉलेजात असताना तू झोपायचास आणि आता मी झोपते. राजमातेचं दालन कोणतं ते लिहायला नको.

मी आराखड्यावर स्केल ठेवून तपासलं. सात पावलांची बोळ तुझ्या पावलांनी सात आहे. माझ्या पावलांनी नऊ भरते.

मला काही विचारायचं नाहीये. तू सांग.

ताई


२८ मार्च

ताई,

पकडलंस. तुझ्यासारखीला ते पुस्तक पाठवावं म्हणजे चोराने स्वतःच पोलीसचौकीत जाऊन चहा मागावा तसं. पण मी पाठवलं, म्हणजे मला पकडून घ्यायचंच असेल.

हो, चौथ्या भागापासून मी लिहितोय. कव्हरवरच्या गृहस्थांनी तिसऱ्या भागानंतर लिहिणं सोडलं, मालकांना मालिका सोडायची नव्हती. मुद्रितशोधकाला शैली पाठ असते म्हणून मला बसवलं. कोणाला सांगायचं नाही अशी सही घेतलीय. तुलाही सांगितलं नाही, त्याचं कारण सही नव्हे.

मी किल्ला लिहायला बसलो तेव्हा तुला तिथे जाऊन दोन महिने झाले होते. मालक म्हणाले, किल्ला डोळ्यांसमोर उभा राहिला पाहिजे. मला दुसरं कुठलंच घर इतकं पाठ नाही. दाराला हात लावून कोण उभं राहील याचा विचारही करावा लागला नाही, तू उभीच होतीस. तुला थोर केलं की मला बरं वाटायचं. एक प्रकरण लिहून झालं की वाटायचं, आज ताईसाठी काहीतरी केलं. हे लिहिताना लाज वाटतेय, पण आहे हे असं आहे.

आईच्या मनगटाचं वाचून मी जिन्यात जाऊन बसलो. ती पायरी मी तीन भाग शोभेसाठी वापरली, आणि फोडायला गवंडी पाठवावा असं एकदाही सुचलं नाही.

ताई, सातव्या भागात मी तिला सोडवतो. वचन. मालकांचा विचार तिला दारापाशीच मारायचा होता, वाचक रडतील म्हणून. मी भांडून तिला बाहेर काढीन. तू बघच.

बारक्या


५ एप्रिल

बारक्या,

तिला जरूर सोडव. मीही वाचीन.

पण आपल्यात घोटाळा नको, म्हणून लिहिते. सुटायचंय ते मला. १ जूनला, सकाळी दहाला, माझ्या टेबलापाशी. मी पन्नाशीला टेकले. ही जागा गेली की या वयात नकाशे काढायला मला कोणी बोलावणार नाही. मग मी आई असेपर्यंत इथे, आणि आई गेल्यावरही इथेच, कारण दुसरीकडे जायला काही उरणार नाही. किल्ल्यातल्या बाईला अशी तारीख नसते. मला आहे.

पायरी मी गवंड्याला बोलावून फोडून घेतली. आता ती बाकीच्यांइतकीच आहे. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती कर.

ताई


८ मे

प्रिय ताई,

झालं! सोबत शेवटच्या प्रकरणाची प्रुफं. ही तुझ्याआधी फक्त मालकांनी वाचलीत. पहारेकरीण दारावरून हात काढते आणि चालायला लागते. तेवीस पानं नुसती चालते. बर्फातून, मग गवतातून, मग एका गावातून, जिथे तिला कोणी ओळखत नाही. मी आयुष्यात इतकं चांगलं लिहिलेलं नाही. लिहिताना प्रत्येक पावलाला तू होतीस. बाथरूमलाही जाते, तू म्हणाली होतीस ना.

आता एक अडचण. रागावू नकोस. मालकांना प्रकरण इतकं आवडलं की त्यांनी मालिका पुढे न्यायची ठरवलीय. पहारेकरणीची भटकंती, आणखी तीन भाग, आणि त्यातला पहिला ऑगस्टपर्यंत हवाय. मी नाही म्हणणार होतो, पण आता कुठे तिला पाय फुटलेत, ती दुसऱ्या कोणाच्या हातात देववेना. तिथे येऊन लिहीन म्हणावं तर आईचं सगळं करून एक ओळही व्हायची नाही, हे तूच मला पटवून दिलंयस. तेव्हा ऑफिसकडे आणखी तीन महिने मागून बघ ना. इतकी वर्षं दिली, तीन महिन्यांनी काय होतं? सप्टेंबरमध्ये मी नक्की येतो.

पण आधी प्रकरण वाच. तुला बाहेर काढलंय मी.

तुझाच
बारक्या


१७ मे

बारक्या,

प्रकरण वाचलं. आईला वाचून दाखवलं, सबंध, एका बैठकीत. तुला मत हवं असतं, तर देते.

चालणं उत्तम आहे. गवत पायाला लागतं ते मला खरंच लागलं. तिथवर मी तुझ्यावर खूश होते. मग आई म्हणाली, "मागे जा. दाराशी जा." मी मागची पानं उलटली. "ती हात काढते तेव्हा म्हातारीचं काय होतं?"

मी पुन्हा वाचलं. तू लिहिलंयस: 'त्या पहाटे राजमातेने झोपेतच शांतपणे देह ठेवला, आणि दाराला आता कोणाच्याच हाताची गरज उरली नाही.'

आईने मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "एका ओळीत?"

बारक्या, मला तुझ्यावर ओरडायचं होतं पण ओरडता आलं नाही, कारण हा विचार मीही केलेला आहे. तिला कुशीवर वळवताना केलाय, ती घास बाहेर काढते तेव्हा केलाय. मी तो गिळते आणि तिचं तोंड पुसते. तू तो छापायला दिलास. सहा भाग, अडीच हजार पानं, सात राज्यं, ससाणे, जादू, आणि एवढ्या सगळ्यात तुला पहारेकरणीला सोडवायचा एकच मार्ग सापडला. राजपुत्र घरी येतो आणि दाराला हात लावतो, हे तुझ्या कल्पनेतसुद्धा आलं नाही. कल्पनाशक्तीवर पोट भरणारा माणूस तू!

कागदावर सोडवलंस. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. मी अजून इथे आहे, आणि आता सव्वाचार वाजलेत, म्हणजे आमच्याकडे अजून वाजतात.

ऑफिसकडे मुदत मागणार नाही. शनिवारी, ३० मेला सकाळी सातच्या बसने मी निघते. तिकीट काढलंय. नर्सबाई दुपारी एकपर्यंत बसतील. एक वाजता त्यांची ड्यूटी असते, त्या थांबू शकत नाहीत, मी त्यांना थांबायला सांगितलेलंही नाही. एक वाजल्यानंतर आईजवळ कोणी नसेल.

तू आला नाहीस तर काय, हा विचार मी गेले चार दिवस करतेय. आईलाही विचारलं, तुझ्या पुस्तकात कोणी विचारत नाही म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, "तू जा. बघू येतो का." ती घाबरलीय. मीही घाबरलेय. तरी मी जाणार.

औषधांच्या वेळा फडताळाच्या दारावर चिकटवल्यात. तिला उचलताना पाठीतून वाकू नकोस, गुडघ्यातून वाक. डावीकडून उचल.

ताई


३ जून

ताई,

नर्सबाईंनी तुला कळवलं असेलच, तरी माझ्या हाताने लिहितो. मी बाराला दहा मिनिटं कमी असताना पोचलो. त्या दारातच उभ्या होत्या. "याल असं वाटलं नव्हतं," म्हणाल्या. मी म्हटलं, मलाही.

मालकांना सांगितलं, ती ओळ काढल्याशिवाय प्रुफं देणार नाही. ते म्हणाले, भाग छापायला गेलासुद्धा. तेव्हा ती ओळ छापली जाईल. माझ्या नावावर नाही, पण मला माहीत आहे. पुढचे तीन भाग मी नाकारले. ते दुसऱ्या कोणाला देणार आहेत. ती आता कोणाच्या हातात जाईल आणि कुठे चालेल, मला कळणार नाही.

पहिल्या दिवशी मला तिला उचलता आलं नाही. तू लिहिल्याप्रमाणे डावीकडून धरलं, गुडघ्यातून वाकलो, आणि दोघंही अर्ध्यात अडकलो, ना वर ना खाली. तिचं तोंड माझ्या कानाशी होतं. मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "श्वास घे." मी घेतला, मग जमलं. दुपारी मी तिच्यावर खेकसलो. संध्याकाळपर्यंत दोनदा. तू पावणेतीन वर्षांत किती वेळा खेकसलीस ते विचारणार नाही, फक्त एवढंच लिहितो की तुझ्यावर मी तीन भाग लिहिले आणि मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

तुझ्या अडगळीच्या खोलीत झोपतो. हात पसरले की खरंच भिंती लागतात. लिहिताना मी ते आठवणीने लिहिलं होतं, छान वाटलं होतं. आता झोपेत हात आपटतो आणि जाग येते. आज सकाळी भाजी आणायला खाली उतरलो, रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि बसथांब्यावर बस उभी होती. मी तिच्याकडे किती वेळ बघत उभा होतो ते सांगत नाही. वर आलो तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, वीस नाही, पस्तीस मिनिटं झाली.

काल जेवण भरवताना आईने विचारलं, "किती दिवस?"

मी म्हटलं, तू काळजी करू नकोस. ती म्हणाली, "काळजी नाही विचारली." मी म्हटलं, आता मी आहे. तिने तोंड मिटून घेतलं. चमचा तसाच धरून बसलो, घास निवला, ती तोंड उघडेना. मी म्हटलं, बघू, बरेच दिवस. तिने मान फिरवली.

शेवटी मी तारीख सांगितली. पुढच्या वर्षीची ३१ मे. ताई, मी आजवर कोणालाच तारीख दिलेली नाही, भाग कधी पूर्ण होईल याचीसुद्धा नाही. तिने ती माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतली, दोनदा. मग तोंड उघडलं आणि घास गिळला, आणि म्हणाली, "तिला लिहून दे."

म्हणून लिहून देतोय. ३१ मे. आजपासून तीनशे बासष्ट दिवस, मी मोजले. तू तुझ्या टेबलापाशी बस.

थांबतो, तिला कुशीवर वळवायची वेळ झाली.

बारक्या